गोळो वर असतो तर

दादा,

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. 'दीर्घ आजाराने निधन' असं छापलंय. वाचून माझं डोकं सणकलं. तू आजारी कधी होतास? मान मोडल्यावर अकरा वर्षं खुर्चीत बसून होतास, ते खरं. पण आजारी माणूस सकाळी आठ वाजता आंघोळ करून कामाच्या टेबलाशी बसतो? आजारी माणसाला भेटायला आलेले लोक ओरडा खाऊन परत जातात? तेराव्याला आलेल्यांपैकी निम्म्यांनी कधी ना कधी तुझ्या शिव्या खाल्ल्या होत्या, आणि तेच सगळ्यात जास्त रडत होते.

म्हणून मीच लिहायला बसलेय. तुझी धाकटी बहीण शैला, मालवणात कॉम्प्युटरचा क्लास चालवणारी. तुझ्या भाषेत 'पेटयेची मास्तरीण'.

वीस वर्षं तू दर्यावर काढलीस. खलाशी म्हणून होडीवर चढलास आणि तांडेल झालास. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, हे तू ठरवायचास आणि बाकीचे ऐकायचे. दोनदा पाण्यात पडलास, काही झालं नाही. आणि शेवटी पडलास तो घरामागच्या माडावरून. दहा वर्षांचा असल्यापासून शहाळी काढायला चढत होतास तो माड. गोव्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, पाय गेले. खांदे हलतील, कोपर वाकेल, मनगट वर उचलता येईल. बोटं मात्र मिटलेलीच राहतील.

पहिलं वर्ष तू भिंतीकडे तोंड करून काढलंस. सुमनवहिनीनं आयुष्यात कधी मासे विकले नव्हते, ती डोक्यावर पाटी घेऊन मालवणच्या बाजारात बसायला लागली. दुपारी परत आली की तुला भरवायची. तू म्हणायचास, "माका दर्यात सोडून ये." ती घास पुढे करायची आणि म्हणायची, "आधी जेव. मगे बघूया." वर्षभर रोज तेच वाक्य आणि रोज तेच उत्तर. मी तिच्या जागी असते तर रडले असते किंवा भांडले असते. ती फक्त भात कालवत राहिली.

क्लासमध्ये नवी मशीन्स आली तेव्हा एक जुनं मी रिक्षात घालून तुझ्याकडे आणलं. तू मान वळवून बघितलंस.

"हात नाय तेका पेटी कित्याक दितंस गो?"

"बघ तरी."

"काय बघू? तिका तोंड आसा, माका हात नाय. जोडो बरो जमलो."

वहिनीनं जुन्या चपलेचा पट्टा तुझ्या पंजाभोवती शिवला आणि त्यात एक पेन्सिल खोवली. त्या पेन्सिलीच्या टोकानं तू एकेक अक्षर दाबायला लागलास. पहिला शब्द टाइप केलास तो मी इथे लिहू शकत नाही. पण पडद्यावर तो उमटलेला बघून तुझ्या ओठाचा कोपरा हलला, हे मी पाहिलं होतं.

कीबोर्ड जमला. अडलं ते माऊसवर. दोन्ही मिटलेले पंजे जोडून तू तो मध्ये धरायचास आणि ढकलायचास. ढकलत ढकलत तो टेबलाच्या कडेला जायचा. तिथून उचलून परत मध्ये आणायचा तर बोटं हवीत. पडद्यावरचा बाण एका कोपऱ्यात जाऊन अडकायचा आणि तू मला किंवा वहिनीला हाका मारत बसायचास. पाचव्या दिवशी तू कोपरानं माऊस टेबलावरून उडवलास. तो वायरला लटकत राहिला.

"मेलो एकदाचो," तू म्हणालास.

मलाही राग आला होता. मी तो ओढून घेतला आणि तुझ्या मांडीवरच्या उशीवर आपटला. तो उलटा पडला. तेव्हाच्या माऊसच्या पोटात रबराचा एक गोळा असायचा, तो वर आला. तुझा पंजा त्याला सहज घासला आणि पडद्यावरचा बाण हलला. तू पुन्हा घासलास. बाण पुन्हा हलला. उलट्या दिशेनं, पण हलला.

"शैले, हो गोळो खाली कित्याक ठेवलो हा?"

"टेबलार फिरूक. माऊस फिरलो काय गोळो फिरता."

"मगे गोळोच फिरवलो तर? गोळो वर असतो तर?"

मी हसले, दादा. म्हटलं, असा खंय असता काय! त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. दोन दिवसांनी कुडाळच्या एका कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला मी गंमत म्हणून ही गोष्ट सांगितली, तर तो हसलाच नाही. "असतो की. ट्रॅकबॉल म्हणतात त्याला. पणजीला बघा," म्हणाला. जगात कुणीतरी आधीच काढलेली वस्तू तू आपल्या पडवीत, मांडीवर उशी घेऊन, स्वतःच्या डोक्यानं पुन्हा शोधून काढली होतीस. मी रोज वीस मुलांना कॉम्प्युटर शिकवत होते आणि मला ती ठाऊक नव्हती.

पुढच्या शनिवारी मी एसटीनं पणजीला गेले. दुकानदारानं दोन प्रकार पुढे ठेवले. एक हाताच्या आकाराचा, देखणा, त्याच्या कुशीत अंगठ्यानं फिरवायचा छोटा गोळा. दुसरा करडा आणि बोजड, मधोमध मोठा गोळा, दोन्ही बाजूंना रुंद बटणं. "हा मोठा कुणी घेत नाही, मॅडम. अंगठ्याचा न्या, सगळे तोच नेतात." मी बाहेर येऊन बूथवरून तुला फोन लावला. वहिनीनं तुझ्या कानाला रिसीव्हर धरला असणार, कारण मागून तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

"गोळो केवडो?" तुझा पहिला प्रश्न.

"एक सुपारीएवडो, अंगठ्यान फिरवूचो. दुसरो बारक्या मोसंब्याएवडो, मधी आसा."

"मोसंबा."

"दुकानदार म्हणता, सुपारीवालो नवीन आसा."

"तेचो अंगठो चलता गो. माझो चलता? मोसंबा घेवन ये."

तरी माझी खात्री होईना. मी दुकानात परत गेले आणि काउंटरशी उभी राहून दोन्ही मुठी घट्ट मिटल्या. तुझ्या मुठी असतात तशा. अंगठ्याचा ट्रॅकबॉल मुठीनं फिरवून बघितला, गोळा सापडेचना. मग मोठा घेतला. तळहाताच्या कडेनं गोळा फिरवला, फिरला. हाताच्या बाहेरच्या कडेनं बटण दाबलं, दाबलं गेलं. दुकानातली माणसं माझ्याकडे बघत होती. मला काय त्याचं! मुठी उघडून मी पैसे दिले आणि परतीच्या गाडीत जागा मिळेपर्यंत तो खोका छातीशी धरून उभी राहिले.

मला वाटलं होतं, जोडला की चालू होईल. तसं कुठलं व्हायला! पहिल्या दिवशी तू गोळ्याला हात लावलास आणि बाण सुसाट पलीकडे गेला. मी सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वेग पार तळाला आणला. मग तुझ्या हाताचं सगळं वजन गोळ्यावर पडायला लागलं आणि तो जागीच अडकला. हात टेकवायला आधार हवा होता. टेबल उंच होतं, खुर्ची त्याच्याखाली जात नव्हती, आणि ढकललास की ट्रॅकबॉलच घसरत होता. तू चिडायचास, मी चिडायचे, आणि दोघांवर वहिनी चिडायची.

शेवटी तिनंच बाबुलो मेस्तांना बोलावलं, होड्या बांधणारे. त्यांनी मापपट्टी काढलीच नाही. तुझ्या पोटाशी विती टाकून माप घेतलं आणि आठ दिवसांनी फणसाच्या फळीचं एक टेबल आणलं. पुढून अर्धचंद्रासारखं कापलेलं, म्हणजे तू टेबलाच्या आत शिरून बसशील आणि दोन्ही कोपरं फळीवर टेकतील. कोपरांखाली जाळं तरंगतं ठेवणारे फोमचे तुकडे बसवले. ट्रॅकबॉलखाली चपलेच्या तळाचं रबर चिकटवलं. मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून माशांचे दोन क्रेट उलटे घातले. तू तांडेलाच्या आवाजात हुकूम सोडत होतास, "डाव्या अंगाक. आणी एक बोट. आता ऱ्हवांदे." मेस्त हसत म्हणाले, "जयवंता, होडी बांधतंय काय टेबल?"

"होडीच बांध," तू म्हणालास.

मग डाव्या हाताची कड बटणावर, उजवा तळवा गोळ्यावर. बटण दाबून धरायचं आणि गोळा फिरवायचा. तीन आठवडे गेले. आणि एका दुपारी पडद्यावर एक रेघ उमटली. जाडजूड, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. तू तिच्याकडे बराच वेळ बघत राहिलास. मग वहिनीला हाक मारलीस, "गो, भूक लागली." ती दारात तशीच उभी राहिली. वर्षभरात तू जेवण मागितलेलं नव्हतंस.

पहिलं काम मी दिलं. देवबागच्या एका घरातल्या लग्नाची पत्रिका आहे, त्यांना घाई नाही, असं सांगितलं. नऊ दिवसांत तू ती केलीस. कोपऱ्यात नारळ, दोन्ही बाजूंना वेल, एक अक्षर चुकलेलं नाही. दादा, ते लग्न नव्हतंच. नावं मी मनानं घातली होती. हे तुला सांगायचं राहून गेलं, म्हणून परवा मी वहिनीजवळ कबूल केलं, तर ती म्हणाली, "तेका त्याच दिसा कळलेला. देवबागात तसा घर खंय आसा?" मग केली कशाला त्यानं, मी विचारलं. "म्हणालो, बहीण खोटा बोलता ती माझ्यासाठीच. पत्रिका तरी खरी होवंदे."

त्यानंतर खऱ्या पत्रिका आल्या. आंगणेवाडीच्या जत्रेला येणाऱ्यांसाठी मसुऱ्याच्या दुकानांच्या पाट्या आल्या, नाटकांच्या जाहिराती आल्या. खाऱ्या हवेनं गोळा अडखळायला लागला की वहिनी बाजारातून येऊन लिंबानं हात धुवायची, गोळा बाहेर काढायची आणि कापसानं आतली चाकं पुसायची. तुला त्या कामात दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे.

मग बाहेरच्या बंदरातली एक होडी आपल्या खडकांवर आपटून फुटली. माणसं वाचली. तू दोन दिवस येणाऱ्या प्रत्येकाला त्याच होडीबद्दल विचारत होतास. तिसऱ्या दिवशी म्हणालास, "पोरांकडे आता आकडे दाखवणारी यंत्रां आसत. खडपांची नावां कोणाक म्हायत नाय. म्हातारे गेले काय नावां गेली." आणि तू नकाशा काढायला घेतलास.

तीन वर्षं लागली. किनाऱ्याची रेघ छापील नकाशावरून घेतलीस, बाकी सगळं डोक्यातलं. देवळाचा कळस अमुक माडांच्या रांगेत आला की डावीकडे खडक, टेकडीचं टोक झाकलं गेलं की समोर खडक. ती प्रत्येक खूण तू सरळ रेघेनं जोडत गेलास. संध्याकाळी जुने तांडेल तुझ्या पडवीत जमायचे, पडद्याकडे बोट दाखवून भांडायचे, आणि तू गोळा फिरवून एकेक खडक इकडचा तिकडे सरकवायचास.

सगळ्यांनी तुझ्या शब्दावर मान डोलावली, एक बुधाजीअण्णा सोडून. किनाऱ्यावरचे सगळ्यात वयस्क तांडेल. छापण्याआधी मच्छीमार सोसायटीच्या खोलीत नकाशा भिंतीवर लावला, तेव्हा त्यांनी एका फुलीवर बोट ठेवलं. तिथे नाव नव्हतं, नुसती फुली होती.

"हय खडप नाय."

"आसा, अण्णा," तू म्हणालास.

"चाळीस वर्सां मी थंयसून जातंय."

"आसा."

"खुर्चीत बसान दर्यो दिसता काय रे तुका?"

तू शांतपणे म्हणालास, "मगे माका व्हरा थंय. दाखयतंय."

इथे आपलं भांडण झालं, ते कधी मिटलं नाही. मी नको म्हटलं. तुझी मान, ती लाट, ती होडी, काही झालं तर तुला पोहताही येणार नाही. मी वहिनीला सांगितलं, तू अडव. ती म्हणाली, "वर्सभर दर्यात सोड म्हणत होतो तेव्हा नाय सोडलंय. आता परत येवक जाता, आता कशी अडवू?" तू चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस. मी चुकले होते, दादा. हे वाक्य मी तुझ्यासमोर कधी म्हटलं नाही. आज म्हणते. मी चुकले होते.

डिसेंबरची सकाळ होती, पाणी तेलासारखं. चार जणांनी तुला खुर्चीसकट उचलून होडीत ठेवलं आणि खुर्ची दोरांनी घट्ट बांधली. मीही चढले. भीती वाटत होती म्हणून चढले, हे तुला माहीत होतं. बंदर मागे पडलं तशी तुझी पाठ ताठ झाली. तू कळस शोधलास, माडांची रांग शोधलीस, आणि माडावरून पडण्याआधीचा तो आवाज काढलास: "थोडी बाहेर घे. बस. आता टेकडी झाकूंदे. हळू. हळू रे. हय!"

अण्णांनी स्वतः दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडलं आणि तळ लागल्यावर दोरी दोन्ही हात पसरून मोजली, एका वेळेला एक वाव. बारा वाव. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. होडी थोडी पुढे सरकली. पुन्हा बारा वाव. तू म्हणालास, "आणी चार हात." तिसऱ्यांदा शिसं सोडलं आणि दोरी मध्येच सैल पडली. अण्णांनी ती ओढली, पुन्हा सोडली. पुन्हा सैल. त्यांनी हातानं मोजलं, ओठ हलवत.

"चार वाव," ते म्हणाले. "चार."

होडीत सगळे एकदम ओरडले. अण्णा दोरी हातात धरून पाण्याकडे बघत राहिले.

"माझी जाळां हयच फाटत रे. चाळीस वर्सां माका वाटला, मुशी फाडता."

बिचाऱ्या शार्कवरचा तो चाळीस वर्षांचा आळ ऐकून तू एवढा हसलास की खुर्ची हलायला लागली आणि दोघांनी ती धरली. अण्णाही हसायला लागले, मग त्यांनी तुझा मिटलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बंदर येईपर्यंत सोडला नाही. परत येताना मी तुला विचारलं, या खडकाची खबर तुला एकट्यालाच कशी?

"सुरमई गावता थंय. चांगली मोठी. म्हणान कोणाक सांगूक नाय."

"मगे आता कित्याक सांगितलंस?"

"मी आता जाळा टाकूक येवचंय नाय. पोरांनी येवक व्हया ना?"

नकाशा छापून आला तेव्हा कोपऱ्यात तुझं नाव घालायचा मी हट्ट धरला. तू म्हणालास, "खडपां काय मी घातलंय थंय?" निदान त्या फुलीला तरी नाव दे, म्हटलं, तो खडक तर तुझाच. "तेका नाव नाय. मी दिवचंय नाय." फुली तशीच राहिली. नकाशा सोसायटीच्या भिंतीवर लागला, आणि मग एकेका होडीच्या केबिनमध्ये गेला. तू दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा टेबलाशी होतास. कुणाच्या तरी बारशाची पत्रिका होती.

तू गेल्यावर तेरा दिवस वहिनी घरात बसली. चौदाव्या दिवशी तिनं पाटी उचलली. मी सोबत गेले, ती रडेल म्हणून. ती रडली नाही. एक तरुण तांडेल आला आणि त्यानं तिच्यासमोर एक सुरमई ठेवली, हाताएवढी लांब, चंदेरी.

"खंय गावली रे?" वहिनीनं विचारलं.

"जयवंताच्या खडपार."

तो सहज बोलून गेला, एखाद्या गावाचं नाव सांगावं तसं. वहिनीचा हात थांबला.

"खंय?"

"जयवंताच्या खडपार गो, काकी. ती फुली नाय काय नकाशावरची? सगळेच तसा म्हणतत."

तो पुढच्या पाटीकडे निघून गेला. इतक्यात एक हॉटेलवाला आला, मासा उलटापालटा करून बघितला आणि घासाघीस करायला लागला. "मावशी, फार सांगताय. थोडं कमी करा."

वहिनी ताठ बसली. पदर खोचला.

"जयवंताच्या खडपावरची आसा ती," ती म्हणाली. "कमी होवचा नाय."

आणि दादा, तिनं एक पैसा कमी केला नाही.